पौषातल्या गोचिडी

वैजयंतीनं चहा ओतायला घेतला आणि तो कपात न पडता शेजारी ओट्यावर पडला. ती पातेलं तसंच तिरकं धरून उभी होती. चहा ओट्यावरून ओघळून तिच्या पायावर सांडत होता, तरी तिनं पाय मागे घेतला नाही.

"गे, डोळे खय तुझे?" आई म्हणाली. "आणि हात कित्याक थरथरतत?"

"कप दोन दिसतत," वैजयंती म्हणाली. मग पातेलं खाली ठेवून तिनं भिंतीला हात लावला.

आमच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता. तिच्या हातातला हिरवा चुडा अजून नवा होता. मी तिला नीट ओळखतही नव्हतो. आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्राला धरून. माझं मोटारी आणि पंप रिवायंड करायचं छोटं दुकान. वडील नव्हते, घरात आई आणि मी. वैजयंती घाटाच्या पायथ्याच्या खडपेवाडीची. स्थळ एका नातेवाईकानं आणलं होतं, आणि तिनं मला दोनदा पाहिलं होतं, तेही मान खाली घालून.

संध्याकाळपर्यंत तिचं अंग तव्यासारखं तापलं. मान वळवता येईना. गावातल्या डॉक्टरनं अंगदुखीच्या गोळ्या दिल्या, त्यानं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या आणि थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा मी तिला रिक्षात घालून तालुक्याच्या इस्पितळात नेलं. आई सोबत होती. सगळ्या वाटेत ती वैजयंतीशी एक शब्द बोलली नाही.

तिथल्या डॉक्टर केळुसकरबाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी तिचे डोळे पाहिले, मान उचलून पाहिली, रक्त काढून घेतलं. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

"महिन्याभरात कधी ताप आला होता का?"

"नाय."

"रानात गेली होतीस? गोचिडी चावल्या होत्या?"

वैजयंतीनं भिंतीकडे तोंड केलं. "नाय," ती म्हणाली.

बाई मला व्हरांड्यात घेऊन आल्या. "मेंदूला सूज असावी. रक्त गोठवणाऱ्या पेशीही फार कमी आहेत. पाठीतून पाणी काढून तपासायचं तर सुईच्या जागी रक्त थांबणार नाही, अशी भीती आहे. घाटाच्या पायथ्याशी माकडं मेल्याचं कानावर येतंय. माकडतापाची माणसं पलीकडच्या खोऱ्यात सापडलीत. तो ताप एकदा येऊन जातो, माणूस बरा होतो, आणि काही दिवसांनी काही जणांना पुन्हा येतो, या वेळी डोक्यात. पण तो साधारण शिमग्याच्या सुमाराला वाढतो. एवढ्या लवकर आम्ही पाहिलेला नाही. रक्त पुण्याला पाठवते, पण उत्तर यायला दिवस जातील. तिला आधी ताप आला होता का, एवढं नक्की कळलं तर आज काय करायचं आणि काय करायचं नाही ते मला ठरवता येईल. तिच्या माहेरी फोन केला होता मी. ते म्हणतात, मुलीला कधी साधं पडसंही झालं नाही."

"मग नसेल आला," मी म्हणालो.

"ती काहीतरी लपवतेय," बाई म्हणाल्या. "बायका अशा भिंतीकडे कधी बघतात ते मला ठाऊक आहे."

आईनं हे ऐकलं होतं. बाई आत जाताच ती म्हणाली, "ह्या आधीपासूनचा दुखणा असतला. आमका फसवल्यानी. तिका म्हायारी नेऊन सोड. त्यांचा चेडू, त्यांनी बघूचा."

मी आत जाऊन वैजयंतीच्या उशाशी उभा राहिलो. तिला विचारलं, खरं काय ते सांग. तिनं डोळे उघडले. तिला मी एक दिसत होतो की दोन, कोण जाणे.

"माका विचारू नका," ती म्हणाली. "हात जोडतंय. दुसरा कायव विचारा."

हात जोडायला तिनं दोन्ही हात उचलले, पण ते एकमेकांना सापडेनात. हवेतच थरथरत राहिले. मी ते धरून खाली ठेवले. लग्नातल्या विधीनंतर मी तिचे हात पहिल्यांदाच धरत होतो.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच मोटारसायकल काढली आणि खडपेवाडीला निघालो. मनात काय होतं ते स्पष्ट सांगतो: राग होता. त्या माणसांना त्यांच्या अंगणात उभं करून जाब विचारायचा, असं मी वाटभर घोकत होतो.

त्या वर्षी थंडी पडलीच नव्हती. पौषात आमच्याकडे लोक पंखे लावून झोपले होते. घाटाच्या बाजूला तरी गारवा असेल असं वाटलं होतं, पण तिथंही तीच कोंदट हवा. काजूला मोहोर होता आणि बागेत माणूस नव्हतं. एरवी त्या रस्त्यावर वानरं उड्या मारत आडवी यायची, लग्नाच्या वऱ्हाडानं त्यांना पोळ्या टाकल्या होत्या. त्या दिवशी एक दिसलं नाही. एका वळणावर कुजल्याचा वास आला, तेवढाच.

सासरे, भिकाजी गवस, घरापुढच्या खळ्यात फणसाखाली बसले होते. मला बघून उठले, घाईनं टोपी घातली. वैजयंतीची धाकटी बहीण मंगल पाणी घेऊन आली. तिच्या हातापायांना रॉकेलचा वास येत होता. सासूबाई बाहेर आल्या नाहीत.

"वैजू बरी मां?" सासऱ्यांनी विचारलं.

"बरी नाय. मरणाक टेकली हा. डॉक्टर विचारतत, आधी ताप इलेलो काय."

"आमच्या वैजूक जन्मात ताप इलो नाय. धडधाकट चेडू दिलांव तुमका."

"मी फोनार बोलणंय नाय, समोर उभो आसंय. माझ्या डोळ्यांत बघून सांगा."

ते माझ्याकडे बघेनात. मंगल तांब्या घेऊन तशीच उभी होती आणि एका पायानं दुसऱ्या पायाचा घोटा खाजवत होती. तेवढ्यात घरातून ओकारीचा आवाज आला. मंगल धावली. सासरे मधे आले. "आत नको, जावयबापू," ते म्हणाले. जावयानं सासरच्या माजघरापलीकडे जायचं नसतं, हे मलाही कळत होतं. मी त्यांना बाजूला करून आत गेलो.

सासूबाई चटईवर पडल्या होत्या. त्या उकाड्यात दोन गोधड्या गळ्यापर्यंत ओढलेल्या. डोळे लाल झाले होते आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. मला दारात बघून त्या उठायला लागल्या. उठता येईना तर पडल्या पडल्याच डोक्यावर पदर ओढायला लागल्या, आणि पदर गोधडीखाली अडकलेला.

"तुमी आत कित्याक इलात," त्या म्हणाल्या.

"ताप कधीपासून?"

"लग्नानंतर काजूखाली साफ करूक गेल्लंय, तेच्या मागसून."

"आणि वैजयंतीक?"

मंगल त्यांचं तोंड पुसत होती. सासरे माझ्या मागे येऊन दाराला टेकले होते.

"तुमी तिका परत धाडतलात," सासूबाई म्हणाल्या.

"नाय धाडूचंय."

"सगळे असाच म्हणतत. वरच्या वाडीतल्या पमीक तिच्या सासरच्यांनी वाटेर आणून सोडल्यानी. घरापर्यंतव इले नायत. दोन चेडवांची ठरलेली लग्ना मोडली. तापाचो गाव म्हणतत आमका. मंगलचा अजून होवचा आसा."

मी वाटभर घोकलेलं सगळं माझ्या तोंडाशी होतं. पण त्या बाईचा पदर अजून अडकलेलाच होता आणि ती तो ओढत होती. मी खाली बसलो, गोधडीचं टोक उचललं आणि पदर मोकळा केला. तिनं डोकं झाकून घेतलं.

"आई," मी म्हणालो. तोवर मी त्यांना कुठल्याच नात्यानं हाक मारली नव्हती. "तिना तोंड उघडूक नाय. डॉक्टरांनी विचारल्यानी, मी विचारलंय. डोळ्यांक दिसत नाय, मान वळत नाय, तरी नाय म्हणता. माका म्हणता, दुसरा कायव विचारा. तुमी तिका काय सांगून धाडलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अजून बोलूक नाय?"

"नाय."

"मरणाक टेकली तरी?"

"तरी."

मग त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो रडण्यासारखा नव्हता. मंगलनंच सांगितलं. "आयेन शपथ घातली ताईक. सासरी ताप सांगलंस तर माझा मेलेला तोंड बघशीत म्हणून."

मग सगळं कळलं. पौषात मायलेकी लग्नाच्या चुलीसाठी सुकी लाकडं आणायला रानात गेल्या होत्या. एरवी गोचिडी शिमग्याकडे वाढतात, तेव्हा गाव अंगाला तेल नाहीतर रॉकेल चोळून रानात जातो; पौषात कोणी त्याचा विचारही करत नाही. त्या दिवशी पातेऱ्यात, गळलेल्या पानांच्या थरात, पाय घातला तो तिळासारख्या बारीक गोचिडी पोटऱ्यांवर चढल्या. पलीकडे एक वानर मरून पडलं होतं. घरी येऊन दोघी एकमेकींच्या अंगावरच्या गोचिडी वेचत, हसत बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात वैजयंती तापानं पडली. हळदीच्या आधी उठून चालायला लागली, तेव्हा घरानं देवाला नारळ दिला. ताप गेला, असंच सगळ्यांना वाटलं.

खडपेवाडीत फोन लागत नसे. देवळाच्या वरच्या पायरीवरच तेवढा लागायचा; सासरे बाईंशी बोलले होते तेही तिथूनच. मी आणि मंगल धावत गेलो. केळुसकरबाईंना मी एका दमात सगळं सांगितलं.

"कळलं मला," बाई म्हणाल्या. "तिनंच सांगितलं, तासाभरापूर्वी. तुमच्या आईनं बोलतं केलं तिला. पाठीत सुई घालत नाही मी. रक्ताच्या पेशी गोव्याहून मागवल्यात. आता मला सांगा, तिच्या गावात आणखी कोण आजारी आहे?"

मी सासूबाईंचं सांगितलं. बाई म्हणाल्या, असेल त्या वाहनानं घेऊन या. आणि बाकीच्या घरांसाठी आमची माणसं पाठवते. अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गोव्याला गेली होती.

मंगल माझ्या तोंडाकडे बघत होती. बाईंचा आवाज मोठा होता, तिनं ऐकलं असणार.

आम्ही परत आलो तर सासूबाई यायला तयार नाहीत. आधी माका वैजूशी बोलूक द्या, म्हणाल्या. तिची शपथ सोडूची आसा, त्याशिवाय हयसून हलूचंय नाय. मी सांगू शकलो असतो की ती बोललीय, आता गरज नाही. माझ्या ओठांवर आलंही होतं. पण मी मंगलकडे बघितलं, आणि दोघंही काही बोललो नाही.

मग मी आणि सासऱ्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून देवळाच्या पायऱ्या चढलो. घरांच्या दारांत माणसं उभी होती. कोणी पुढे आलं नाही. एका घरातून कोणीतरी खोकलं आणि दार ओढून घेतलं. सासरे मधेच थांबले, त्यांना दम लागला होता. खुर्चीत त्या डोळे मिटून होत्या, पदर मात्र दातांत धरलेला.

आईच्या फोनवर मी फोन लावला. "वैजयंतीच्या कानाक लाव," मी तिला सांगितलं.

"ती झापडीत आसा. आयकात काय नाय ठावक नाय."

"तरी लाव."

मी फोन सासूबाईंच्या कानाशी धरला.

"वैजू," त्या म्हणाल्या. "बाये, मी शपथ सोडलंय गे. सांग सगळा. तुका कोण काय म्हणूचो नाय. जावई हय आसत. आयकतंस मां?"

पलीकडून फक्त श्वास येत होता. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आयकला तिना." आणि त्यांनी मान मागे टाकली.

वाडीत एक रिक्षा होती. रिक्षावाला वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "दादा, हिका न्हेलंय तर उद्यापासून माझ्या रिक्षेत कोण बसतलो?" त्याच्याशी भांडायला वेळ नव्हता. मी मोटारसायकलवर बसलो, सासऱ्यांनी सासूबाईंना माझ्या मागे बसवलं, त्यांच्या मागे मंगल बसली. त्यांचं डोकं कलंडत होतं, म्हणून मंगलनं एक जुनं लुगडं आम्हा तिघांभोवती गुंडाळून माझ्या पोटावर गाठ मारली. सकाळी माझ्यासमोर यायला लाजणारी ती बाई आता माझ्या पाठीला बांधलेली होती. तिच्या कपाळाचा चटका शर्टातून लागत होता. घाटाखालच्या खड्ड्यांतून मी जितकी हळू आणि जितकी वेगानं चालवता येईल तितकी गाडी चालवली. मधे एकदा त्या काहीतरी बोलल्या. मंगल म्हणाली, "विचारता, तुमका तरास जाता काय."

मी नाही म्हणालो. मला रडू येत होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

इस्पितळाच्या दारात आई उभी होती. मला वाटलं, आता ती बोलणार. तिनं आमच्याभोवतीची गाठ सोडली, सासूबाईंना काखेत धरून खाली उतरवलं, त्यांची लाळ आणि रक्त आपल्या पदरानं पुसलं, आणि "चला विहीणबाई" एवढंच म्हणाली.

तिनं वैजयंतीला कसं बोलतं केलं ते मला नर्सनं सांगितलं. मी गेल्यावर आई तिचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होती. गुडघ्यांच्या मागे, कंबरेला, काखेत तिला गोचिडींच्या चाव्याचे काळे डाग दिसले. आमच्याकडे गुरं होती, तेव्हा आईनं ते डाग खूप पाहिले होते. तिनं विचारलं, कोणी शपथ घातली काय गे तुका. वैजयंती रडायला लागली. तेव्हा आई म्हणाली, "ती शपथ माझ्यार घाल. मरान तर मी मरान. तू बोल."

आदल्या दिवशी तिला माहेरी सोडायला सांगणारी माझी आई. पुढे मी तिला याबद्दल कधी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

सासूबाई तिसऱ्या पहाटे गेल्या. शेवटी रक्त थांबेना. मायलेकींच्या खाटा एकाच वॉर्डात होत्या, मधे एक पडदा. वैजयंती तेव्हा शुद्धीत नव्हती. ती हळूहळू वर आली, आणि मान उचलून बसायला लागली तेव्हा डॉक्टरबाईंनीच तिला आई गेल्याचं सांगितलं. ती रडली नाही. जेवण बंद केलं. चमचा तोंडाशी नेला की तोंड मिटायची. आम्ही तिला घरी आणलं तरी तेच. सासऱ्यांनी पत्नीचं बारावं उरकलं. त्यानंतर मंगल आमच्याकडे बहिणीजवळ राहायला आली. तरी वैजयंती दिवसभर खिडकीशी बसून राही, हात मांडीवर थरथरत.

एका दुपारी मी दुकानातून जेवायला आलो, तर तिनं मला हाक मारली.

"आयेन शपथ कधी सोडल्यान?"

फोनचं तिला काहीच आठवत नव्हतं. कोणीतरी बोलण्यात सांगितलं असावं की आईनं शपथ सोडली होती. आणि आपण कधी बोललो, हे तिला नीट आठवत होतं: मी निघून गेल्यावर, जेवणाची ताटं यायच्या आधी. तिला काय विचारायचं आहे ते मला समजलं. ती आधी बोलली की आईनं आधी शपथ सोडली.

"मी पोचलंय तेवाच," मी म्हणालो. "सकाळीच. खळ्यात पाय ठेवल्याबरोबर."

"तुमी विचारलात आणि लगेच सोडल्यान?"

"लगेच. म्हणाली, माझा चेडू वाचूदे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मगे मी बोललंय तेवा..."

"तेवा शपथ नव्हतीच."

त्या संध्याकाळी तिनं आईकडे पेज मागितली आणि दोन वाट्या प्यायली. माझ्या शब्दानं माणूस जगतं, असं मला त्या वेळी वाटलं. त्याचा मला गुपचूप अभिमानही होता. भीतीही होती, कारण खरं काय ते मंगलला ठाऊक होतं.

वैजयंतीच्या हातांचा कंप जायला वर्ष लागलं. आता आम्हाला एक मुलगी आहे. मंगलचं लग्न बांद्याला झालं. मुलाकडच्यांना सगळं आधी सांगून झालं.

गेल्या मे महिन्यात ती आली होती. वैजयंती विहिरीवर गेली होती, मंगल पडवीत ओल्या काजूच्या बिया सोलत बसली होती, चीक लागू नये म्हणून हाताला राख लावून. मीही एक विळी घेऊन समोर बसलो. इकडचं तिकडचं बोलताना ती सहज म्हणाली, "आये गेली तेवा ताईन माका विचारल्यान, आयेन शपथ कधी सोडल्यान म्हणून."

माझा हात थांबला. "कधी विचारल्यान?"

"बाराव्यानंतर मी हय रवाक इलंय तेवा. दुपारची खिडकीत बसलेली. तुमी जेवून दुकानात गेल्यार."

"मगे तू काय सांगलंस?"

"सांगलंय, भावजींनी खळ्यात पाय ठेवल्यान आणि आयेन सोडल्यान."

मी तिच्याकडे बघत होतो. मी वैजयंतीला काय सांगितलं होतं ते मी कोणालाच, कधीच बोललो नव्हतो.

"तुका कोणी सांगलेला असा सांगूक?"

"कोणी कित्याक सांगूक होया," मंगल म्हणाली, आणि पुढची बी विळीवर धरली.